उतरवलेली दोरी

पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर साडेतीन वर्षं एक धनुष्य टांगलेलं होतं. धामणीच्या लाकडाचं, उभं केलं तर माझ्या खांद्यापर्यंत येणारं, दोरी चढवलेलं. व्हिडिओ कॉलवर ते माझ्या मागे दिसायचं आणि टीममधलं कुणीतरी हमखास विचारायचं, "खरं आहे का रे?" मी म्हणायचो, "खरं आहे. आमच्या गोंदियाचं आहे." हे सांगताना मला फार बरं वाटायचं. शहरात राहून आपण आपलं गाव विसरलेलो नाही, याचा तो भिंतीवरचा पुरावा होता.

मागच्या दिवाळीत घर बदलताना ते खाली काढलं. दोरी उतरवली, तर धनुष्य सरळ झालंच नाही. दोरी असताना जेवढं वाकलं होतं, जवळपास तेवढंच वाकलेलं राहिलं. मुठीच्या जरा वर, चकचकीत वॉर्निशच्या थरावर केसासारख्या आडव्या भेगा पडल्या होत्या. भिंतीला पावसाळ्यात ओल यायची, त्या बाजूचं लाकूड भेगांच्या खाली काळवंडलं होतं. धनुष्य कामातून गेलं होतं. त्याच्यावर कुणी एकही बाण चढवला नव्हता. नुसतं टांगून ठेवून मी ते घालवलं होतं.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. पुस्तकात, चित्रात, पुतळ्यात, सिनेमात कुठेही धनुष्य दिसलं, की मी आधी दोरी बघतो. चढवलेली आहे की उतरवलेली? जवळजवळ प्रत्येक वेळी ती चढवलेलीच असते. या लेखात माझी तक्रार एवढीच आहे. आपल्याला धनुष्य फक्त ताणलेलं बघता येतं, आणि म्हणून आपल्याला धनुष्य कळलेलं नाही.

*

माझं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या अलीकडे. ते धनुष्य मला दिलं होतं आमच्या शेजारच्या टोल्यावरच्या एका गोंड आबाजींनी. माझे आजोबा आणि ते एकाच वयाचे, दोघांच्या बांध्या लागून. आबाजींच्या वडिलांच्या काळात तिरकमठा घरोघरी असायचा. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार गुन्हा ठरली. 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं. जंगल तेच होतं, पण हातात धनुष्य घेऊन त्यात जाणारा माणूस आता आरोपी होता. कायदा चुकीचा होता असं मी म्हणत नाही, नवेगावात आज वाघ आहेत ते त्यामुळेही. पण एक वस्तू कामातून सुटली की तिला तेल कोण लावणार, हा प्रश्न कायद्यात नसतो.

आबाजी लावत होते. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, दसऱ्याच्या आधी. मी कॉलेज संपवून नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी ते मला दिलं. म्हणाले, "तेल लावत राहाजो बाबू." मी हो म्हणालो. पुण्याला आलो आणि हार्डवेअरच्या दुकानातून पॉलियुरेथेनचं वॉर्निश आणलं, कारण यूट्यूबवर एका माणसाने टेबलाला ते लावलं होतं आणि टेबल फार सुंदर दिसत होतं. तीन जाड हात दिले. मग शोभेसाठी दोरी चढवली, फोटो काढला, भिंतीवर टांगलं. त्या फोटोला तेव्हा पडलेल्या लाइक्सचा आकडा मला अजून आठवतो, हे कबूल करताना लाज वाटते.

टेबल वाकत नाही, धनुष्य वाकतं. सगळा फरक इथे आहे. धनुष्य ओढलं की त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि तुमच्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. लाकडाचे तंतू हे दोन्ही सोसतात आणि सोडलं की परत येतात. पण दोरी चढवून महिनोन्‌महिने ठेवलं, तर पोटाचे तंतू दबलेलेच राहायला शिकतात. धनुष्याचा बाक कायमचा होतो, जोर जातो. इंग्लंडमधल्या धनुष्य करणाऱ्यांत एक म्हण आहे, की पूर्ण ओढलेलं धनुष्य नऊ-दशांश मोडलेलंच असतं. त्यावर वॉर्निशचा जाड थर असेल तर तो लाकडाबरोबर वाकत नाही. आधी तो तडकतो, मग त्या फटीतून ओल आत जाते आणि त्याच थरामुळे बाहेर यायला वाट मिळत नाही.

*

दिवाळीत मी ते तुटकं मन आणि वाकडं धनुष्य घेऊन आबाजींकडे गेलो. ते रागावले नाहीत. त्यांनी पोटावरून अंगठा फिरवला, भेगेवर नख टेकवलं आणि एवढंच विचारलं, "दोरी काहून नाई उतरवली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोरी उतरवली असती तर ती भिंतीवर नुसती काठी दिसली असती, हे त्यांना कसं सांगणार?

मग त्यांनी त्यांच्याकडची एक जुनी, वाळलेली धामणीची फांदी काढली. धुऱ्यावरच्या झाडाची, चारपाच वर्षं आढ्याला पडलेली. धामण हे नाव ऐकून कुणाला साप आठवेल, पण हे झाड आहे, शास्त्रीय नाव ग्रेविया टिलिफोलिया. चिवट आणि लवचीक म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला लोक तेच घेतात. संस्कृतात त्याला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्ष असंही म्हणतात. एखाद्या झाडाचं नावच त्याच्यापासून होणाऱ्या वस्तूवरून पडावं, इतकं हे नातं जुनं आहे.

तासणं, दोन्ही बाहू सारखे वाकतात का ते बघणं, पुन्हा तासणं, यात दहा दिवस गेले. ते बहुतेक काम आबाजींनी केलं. माझ्या वाट्याला आलं ते तेल.

आधी काचेच्या तुकड्याच्या धारेने लाकूड खरवडायचं. मग मी पुण्याहून नेलेला बारीक पॉलिशपेपर, तंतूंच्या दिशेने, कधीच आडवा नाही. मग ओलं फडकं फिरवून वाळू द्यायचं. पाण्याने लाकडाचे बारीक केस उभे राहतात, ते पुन्हा घासून काढायचे. आणि मग जवसाचं तेल.

जवसच का? आमच्याकडे तेलांची काही कमी नाही. मोहाच्या बियांचं तेल आहे, त्या बियांना कुणी टोरी म्हणतं, कुणी टोळ. मला वाटलं होतं, जंगलातली वस्तू म्हणजे जंगलातलं तेल. आबाजी हसले. मोहाचं तेल दिव्याला, फुटलेल्या टाचांना. लाकडाला लावलं तर ते चिकट राहतं, धूळ धरतं, थंडीत तुपासारखं गोठतं. जवसाचं सुकतं. यात रसायनशास्त्र आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तंतूंमध्येच त्याचं घट्ट जाळं तयार होतं. मोहाच्या तेलात हा गुण नाही. म्हणून जगभर सुतारांनी आणि तैलचित्र काढणाऱ्यांनी जवसच निवडलं. आमच्या भागात ते काही खास आणावं लागत नाही. धान कापायच्या आधीच, बांधीत ओल असताना, उभ्या पिकात जवस नाहीतर लाखोरी फेकून देतात, त्याला उतेरा म्हणतात. धान निघतं आणि खालून निळ्या फुलांचं जवस वर येतं. ज्याची चटणी मी भाकरीबरोबर खाल्ली, त्याचंच तेल आता हातावर होतं.

मी फडकं शोधत होतो. आबाजी म्हणाले, "हातानं लाव बाबू. फडक्याले का समजते?"

थोडं कोमट तेल तळव्यावर घ्यायचं आणि चोळायचं. ओतायचं नाही, चोळायचं. तळवा गरम होईपर्यंत. त्या उबेने तेल पातळ होऊन आत शिरतं. टोकांना, जिथे तंतू कापले गेलेले असतात, तिथे लाकूड भराभर पितं, तिथे पुन्हा द्यायचं. आणि खरंच, हाताला कळतं. एका जागी मला बोटाखाली अगदी हलका उंचवटा लागला, डोळ्याला तो दिसतच नव्हता. तेल थांबवून तेवढी जागा पुन्हा खरवडली. पंधरावीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं तेल फडक्याने पुसून काढायचं, कारण वर राहिलेलं तेल चिकट पापुद्रा होतं, आत गेलेलंच कामाचं. मग एक दिवस वाट बघायची. मग पुन्हा. असं आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा, आणि पुढे दर वर्षी. ते पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही. जवस सुकताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात ती अडकली तर फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवायचं.

एवढं करूनही तेल पाणी पूर्ण थांबवत नाही. फक्त ओलीचं येणं-जाणं सावकाश करतं. शिवाय ते कधीच 'झालं' असं होत नाही. मला हे पचायला वेळ लागला. आमच्या धंद्यात नवं फीचर रिलीज झालं की केक कापतात. रात्री दोन वाजता सर्व्हर सांभाळत बसलेल्याचं नाव कुठल्या स्लाइडवर येत नाही. मीही तो केक खाल्लेला माणूस आहे.

*

आता पुस्तकांकडे येतो. मला तीन धनुष्यं शेजारी शेजारी ठेवायची आहेत.

पहिलं जनकाच्या घरचं शिवधनुष्य. वाल्मीकींच्या बालकांडात ते आठ चाकांच्या लोखंडी पेटीत ठेवलेलं आहे, पेटी ओढायला पाच हजार माणसं लागतात. त्याला गंध, फुलं, धूप, सगळं होतं. रोज पूजा. राम ते उचलतो, दोरी चढवतो, ओढतो आणि ते मधोमध मोडतं. तिथला मुद्दा रामाचं सामर्थ्य हा आहे, हे मला माहीत आहे. पण तेलाचे हात घेऊन वाचणाऱ्याला दुसरंही दिसतं. त्या धनुष्याला पूजा मिळत होती, वापर मिळत नव्हता. माझ्या टीव्हीवरच्या धनुष्याची अवस्था याहून वेगळी नव्हती. त्याला धूप नव्हता, लाइक्स होते.

दुसरं धनुष्य ग्रीकांचं. होमरच्या 'ओडिसी'मध्ये ओडिसियस ट्रॉयला जाताना आपलं धनुष्य घरीच ठेवून जातो. वीस वर्षं ते कोठारात, खुंटीला, त्याच्या खोळीत टांगलेलं असतं. त्याच्या बायकोवर डोळा ठेवून घरात बसलेल्या पुरुषांना ते वाकवायचं असतं. वाकत नाही, तेव्हा ते चरबीचा मोठा गोळा मागवतात, विस्तव पेटवतात, धनुष्य शेकतात, चोळतात. तरी नाही. मग भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसियस ते हातात घेतो आणि लगेच दोरी चढवत नाही. आधी ते फिरवून फिरवून बघतो, मालक नसताना किडीने पोखरलं तर नाही ना. बघणारे त्याची टर उडवतात. मला या सगळ्या महाकाव्यात ती तपासणी सर्वांत आवडते. उपऱ्यांना तेल एका संध्याकाळी आठवलं, कारण त्यांना काम त्याच संध्याकाळी होतं. मालकाच्या हाताला वीस वर्षांनंतरही आधी किडीची काळजी वाटली.

तिसरं आपलं, विराटपर्वातलं. अज्ञातवासाला जाताना पांडव शमीच्या झाडावर शस्त्रं लपवतात, हे आपल्या प्रत्येक लहान मुलाला माहीत असतं. दसऱ्याला शमीची पूजा करतो ती त्यासाठीच, असं आजी सांगते. पण त्या गोष्टीतला एक तपशील मी इतकी वर्षं ऐकलाच नव्हता. झाडावर ठेवण्याआधी पाचही जण आपापल्या धनुष्याची दोरी उतरवतात. एकेकाचं नाव घेऊन, त्या धनुष्याने काय काय जिंकलं ते सांगून, मग त्याची दोरी उतरवली, असं सांगितलं आहे. अर्जुनही गांडिवाची उतरवतो. मग झाडावर चढतो तो नकुल. फांदीची जागा भक्कम आहे ना, पाऊस तिरपा येऊन लागणार नाही ना, हे बघून तो ती घट्ट दोरांनी बांधतो.

पुढे वर्ष संपल्यावर बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन घाबरलेल्या उत्तराला झाडावर चढवतो, शस्त्रं खाली येतात, गांडिवाला दोरी चढते आणि त्याचा टणत्कार होतो. आपण टणत्कार लक्षात ठेवला. त्या टणत्कारासाठी आधीचं वर्ष दोरी उतरलेली असावी लागते, आणि पावसाची दिशा बघणारा नकुल असावा लागतो, हे आपण विसरलो. महाभारत विसरलं नव्हतं. ज्याने ते रचलं त्याने कधीतरी धनुष्य घरात ठेवलेलं असणार, असं मला वाटतं.

*

आणि आता आपलं आजचं धनुष्य बघा. शाळेच्या पुस्तकातला एकलव्य, दोरी कानापर्यंत. चौकातले बिरसा मुंडा, हातात चढवलेलं धनुष्य, सोनेरी ऑइलपेंट. निवडणुकीचं धनुष्यबाण, जे महाराष्ट्रात एका पक्षाचं आणि झारखंडात दुसऱ्याच पक्षाचं चिन्ह आहे, दोन्हीकडे बाण चढवलेलाच. एका संग्रहालयात मी काचेच्या पेटीत एक खरं धनुष्य बघितलं. दोरी चढवलेली, बाहू वाकून बसलेले, खाली पाटी: 'धनुष्य, आदिवासी'. कुणी केलं, कुठल्या लाकडाचं, काय लावायचे, काही नाही. पाटीवर रागवायचा अधिकार मला नाही, मीही तेच केलं होतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. ज्याचा अंगठाच मागितला गेला त्याला 'आधी तेलाबद्दल लिही' असं कसं सांगणार? एकलव्य आपल्या दलित-आदिवासी लेखनात ताणलेल्या धनुष्यासह येतो तो शोभेसाठी नाही. भुजंग मेश्रामांनी आपल्या कवितासंग्रहाला 'उलगुलान' हे नाव दिलं, बिरसाच्या बंडाचं नाव, त्यात रागाचा हिशोब आहे. बंदुकांसमोर बाण घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांची आठवण उतरवलेल्या दोरीने कशी सांगणार? मला ते मान्य आहे. ती दोरी ज्यांनी चढवली, त्यांना ती उतरवायला सांगणारा मी कोण.

माझी तक्रार आमच्याबद्दल आहे. म्हणजे जे हे चिन्ह उचलतात, भिंतीवर लावतात, डीपीला ठेवतात, 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, पोस्ट करतात आणि 10 ऑगस्टला विसरतात. आम्हाला माणूस फक्त लढताना हवा असतो. त्याचा बाण सुटण्याचा एक क्षण आम्ही घेतो आणि उरलेलं वर्ष टाकून देतो. त्या उरलेल्या वर्षात झाड निवडणं आहे, चारपाच वर्षं लाकूड वाळू देणं आहे, काचेच्या तुकड्याने खरवडणं आहे, जवस पेरणं आहे. हे सगळं ज्ञान आहे. ताणलेल्या धनुष्याच्या चित्रात शौर्य दिसतं, ज्ञान दिसत नाही. आणि ज्याला आपण फक्त शूर म्हणतो, त्याला काही विचारायची गरज आपल्याला वाटत नाही. मीही आबाजींना दहा वर्षांत काही विचारलं नव्हतं.

याला अपवाद कसा दिसतो, ते आमच्याच तालुक्याशी जोडलेल्या एका लेखकाकडे बघितलं की कळतं. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते, 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचं पुस्तक. मागे, जून 2025 मध्ये ते गेले, तेव्हा सगळ्यांनी त्यांचे शब्द मोजले. मला त्यातले दोनच सांगायचे आहेत: काकागार आणि सारंगागार. कावळ्यांची वसाहत, आणि बगळ्या-करकोच्यांची एकत्र घरटी करायची जागा. आपल्या कवितेत पक्षी बहुतेक उडत असतो. उडत नसलेल्या पक्ष्याच्या जागेला त्यांनी शब्द दिला. त्यासाठी संध्याकाळी उशिरापर्यंत झाडाखाली थांबावं लागतं. पक्ष्यांच्या बाबतीत मराठीत हे झालं. त्याच जंगलाकाठच्या माणसांच्या हातातल्या वस्तूंच्या बाबतीत अजून फारसं झालेलं नाही. धामणीच्या फांदीपासून जवसाच्या सातव्या हातापर्यंतचं सगळं ज्यात आहे असं पुस्तक कुणी लिहिलं, तर ते आबाजींच्या भाषेतच लिहावं लागेल, आणि मला ती अर्धीच येते.

*

नवं धनुष्य आता माझ्याकडे आहे. पुण्यातच, पण टीव्हीवर नाही. ओल येत नाही त्या भिंतीला, कपाटाच्या बाजूला, दोन खुंट्यांवर आडवं. दोरी काढून गुंडाळून वेगळी ठेवली आहे. बघणाऱ्याला ती पडद्याची काठी वाटते, आणि परवा एका मित्राने तसं विचारलंही. व्हिडिओ कॉलच्या फ्रेममध्ये ते येत नाही.

जुनं मी टाकलं नाही. आबाजींनी ते ठेवून घेतलं. त्याच्या बऱ्या उरलेल्या बाहूचे विळ्याचे दोन दांडे होतील म्हणाले. वॉर्निश मात्र तू खरवड, असं मला सांगितलं, आणि ते काम मी त्यांच्या अंगणात बसून दोन दिवस केलं.

फोनवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारचं रिमाइंडर आहे, 'तेल'. परवाच्या रविवारी सहावा हात झाला. पुसलेलं फडकं बाल्कनीत दोरीवर पसरलंय. हाताला अजून जवसाचा वास आहे.